वर्तक मिसच्या फळ्याची उजवी बाजू

परवा माझ्या लेकीचा, इराचा, हॉस्टेलवरून व्हिडिओ कॉल आला. मी तिला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं कौतुक सांगत होते. यंदा कसे सगळे एकत्र आले, जुने-नवे, मुंबईचे-पुण्याचे असा काही भेद उरला नाही, अगदी एका घरासारखं वाटलं, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं, एक भुवई वर केली आणि म्हणाली, "बरं. आणि घरात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाक्यामुळे नाही, वाक्य बरोबरच होतं. वर्गणीवरून आमच्यात काय रामायण झालं होतं ते मला माहीत होतं. आग गेली ती आवाजामुळे. तो आवाज माझ्या मुलीचा नव्हता, वर्तक मिसचा होता. बाई अबू धाबी सोडून गेल्या त्याला दोन वर्षं होत आली, आणि अजून माझ्या मुलीच्या तोंडून बोलतात. मी फोन ठेवला आणि उगाचच सगळा ओटा पुन्हा पुसून काढला.

वसुधा वर्तक आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. शाळा ब्रिटिश सिलॅबसची, मुलं दहा देशांची. मी गणिताची. अकरावी-बारावीच्या त्यांच्या तासानंतर त्याच वर्गात माझा तास असायचा, त्यामुळे बाईंशी माझी खरी ओळख झाली ती त्यांच्या फळ्यावरून. बाई वर्गात शिरल्या की पहिली गोष्ट करायच्या ती म्हणजे फळ्याच्या मधोमध वरून खालपर्यंत मार्करची एक रेघ. पट्टी नाही, टेकू नाही, हात उचलला की खाली. आणि रेघ सुतात. मी आयुष्यभर गणित शिकवतेय, मला अजून पट्टीशिवाय सरळ रेघ येत नाही. मत्सराची सुरुवात तिथून झाली म्हटलं तरी चालेल.

रेघेच्या डावीकडे लिहायच्या 'अंगण', उजवीकडे 'घर'. हे दोन शब्द चक्क मराठीत, बाकी सगळं इंग्रजीत. वर्गात मराठी कळणारी एकटी इरा. बाकी मुलं इजिप्तची, लेबनॉनची, पाकिस्तानची, श्रीलंकेची. पण ते दोन शब्द सगळ्यांना यायचे. इजिप्तचा करीम तर 'अंगण'मधला 'ण' माझ्या मुलीपेक्षा बरा म्हणायचा.

विषय असायचा महायुद्धानंतरची अमेरिका. इतर शाळांत हे दोन वेगळे धडे असतात. एक परराष्ट्र धोरण: रशियाशी शीतयुद्ध, कुठे सैन्य, कुठे मदत, कुठे रेडिओवरून स्वातंत्र्याची भाषणं. आणि दुसरा काळ्या लोकांचा नागरी हक्कांचा लढा: बसमधल्या जागा, वेगळ्या शाळा, वेगळे पाण्याचे नळ. वर्तक मिस ते वेगळे शिकवायच्याच नाहीत. डावीकडे एक ओळ, लगेच उजवीकडे एक ओळ. अंगणात जगाला काय सांगितलं, आणि त्याच वर्षी घरात काय चाललं होतं. कुणी मुलगा डावीकडचं पाठ करून घडाघडा बोलून दाखवू लागला, की बाई शांतपणे ऐकायच्या आणि विचारायच्या, "बरं. आणि घरात?"

माझा तास सुरू झाला की मला तो फळा पुसावा लागायचा. मी डस्टर उचललं की मागून, "मिस, नो, प्लीज, जस्ट वन मिनिट!" आणि सगळ्यांचे फोन वर. माझ्या फळ्याचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही.

दिसायला बाई काही विशेष नव्हत्या. साठीला टेकलेल्या, उंच, हडकुळ्या. सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ऑगस्टमध्ये इथे जमिनीवरून वाफा निघतात, तेव्हाही तेच. यजमान उत्तरेकडे उम्म अल कुवैनला एका कारखान्यात होते. ते गेल्यावर बाई एकट्याच इकडे आल्या आणि राहिल्या. मूलबाळ नाही. गाडी शिकल्या नाहीत, बसनं यायच्या. स्टाफरूममध्ये सगळ्या जणी कडक चहा पितात, या लिंबू पिळलेली बिनदुधाची सुलेमानी. कुणी कुणाबद्दल कुजबुजायला लागलं की उठून जायच्या नाहीत, उपदेशही करायच्या नाहीत, नुसतं बिस्किट बुडवत म्हणायच्या, "हे तिच्या तोंडावर म्हणालीस का गं?" झालं, खलास. त्या दिवसाच्या गप्पांची मजा गेली.

मी त्यांचं सगळ्यांसमोर तोंड भरून कौतुक करायचे. पालकसभेत, स्टाफरूममध्ये, मंडळात. "वर्तक मॅडम म्हणजे काय सांगू!" करावंच लागायचं. इतकं चांगलं शिकवणाऱ्या बाईबद्दल वाईट बोललं तर आपलंच दिसतं.

आता माझं दुखणं सांगते. माझे यजमान रुवैसला रिफायनरीत. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी संध्याकाळी घरी. त्यामुळे आठवड्याचे बाकी दिवस घरात मी आणि इरा. माझं जे काही होतं ते ती एक पोरगी. तिच्याशी मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "इरा, जेवायला चल." "कमिंग, मा." मंडळाच्या मराठी वर्गाला मी तिला वर्षानुवर्षं ओढून नेलं, ती तिथे मागे बसून गेम खेळायची. एक ओळ मराठीत लिहिली असेल तर शपथ. आणि बारावीला एके दिवशी ती जेवताना म्हणते, "आई, अंगण मीन्स व्हॉट एग्झॅक्टली? मिस म्हणाली की त्यांच्या अंगणात जात्यावर बसून आजी सगळ्यांना शिव्या द्यायची."

पूर्ण वाक्य. मराठीत. आजी कुणाची, तर वर्तक मिसची.

मग रोजच सुरू झालं. मिस म्हणाली, मिस म्हणाली. मिसच्या लहानपणी गावाकडच्या शाळेत अमेरिकन दुधाची पावडर यायची, आणि रेशनवर लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना आई रडकुंडीला यायची. पावडरच्या डब्यावर हातात हात घातल्याचं चित्र होतं. मिसला वाटायचं, तो दुसरा हात आपला. पुढे कॉलेजात तिनं वाचलं, की असे डबे जगभर पाठवणाऱ्या त्या देशात कितीतरी वर्षं आपल्याच माणसांना दुकानाच्या काउंटरवर बसून कॉफी प्यायची सोय नव्हती. "सो शी वॉज अँग्री, आई. पण दूध चांगलं होतं, असं पण म्हणाली." मी हे सगळं ऐकायचे, आणि मला वाटायचं, अगं, तुझ्या आईनंसुद्धा लहानपणी काहीतरी खाल्लंय-प्यायलंय. कधी विचारलंस?

मला भीती एकच होती आणि ती मी स्पष्ट सांगते. पोरगी माझ्या हातून जाईल. इंजिनिअरिंगला गेली असती तर कुठल्याही देशात गेली असती तरी माझीच राहिली असती. पण ती म्हणायला लागली, आय वॉन्ट टू डू हिस्टरी. म्हणजे ती कुठेही गेली तरी त्या बाईच्या मागे जाणार होती.

बाईंची शिकवण्याची पद्धत मी एकदा स्वतः पाहिली. तासाची घंटा व्हायची होती, मी दाराच्या काचेतून आत बघितलं. बाकं एका ओळीत लावलेली. तीन मुलं खुर्च्यांवर बसलेली, हात समोर बाकावर. बाकीची मुलं त्यांच्या कानाशी जाऊन वाटेल ते बोलत होती, वह्या खाली पाडत होती, केसांत कागदाचे बोळे टाकत होती. आणि बसलेल्यांनी उत्तर द्यायचं नाही, उठायचं नाही, नजरही खाली घालायची नाही. त्या काळी दक्षिणेतले काळे विद्यार्थी दुकानांतल्या काउंटरवर जाऊन बसायचे ना, ते आधी अशी तालीम करायचे म्हणे. एकमेकांना मुद्दाम छळायचं आणि सहन करायला शिकायचं.

मधल्या खुर्चीवर इरा होती. करीम तिच्या कानाशी ओरडत होता, आणि माझी मुलगी, जी घरात माझ्या एका वाक्याला चार वाक्यांनी उत्तर देते, ती समोर बघत शांत बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण बसली होती. वर्तक मिस भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हात वर केल्याबरोबर करीमनंच पहिल्यांदा "सॉरी, हबीबती, सॉरी" म्हणून तिच्या केसांतले बोळे काढले. माझ्यासाठी ही पोरगी कधी पाच मिनिटं गप्प बसली नाही.

आणखी एक गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. तेव्हा आफ्रिकेतले देश नुकते स्वतंत्र होत होते, आणि त्यांना आपल्या बाजूला ओढायला अमेरिका आणि रशिया दोघे टपलेले. त्या देशांचे राजदूत न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला मोटारीनं जायचे. वाटेत भूक लागली म्हणून हॉटेलात शिरले तर मालक म्हणायचा, तुम्हाला इथे वाढत नाही. दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळ्या जगात. मग परराष्ट्र खात्याची माणसं त्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांच्या विनवण्या करत फिरली, की बाबांनो, निदान पाहुण्यांना तरी कॉफी द्या. तेव्हा तिथल्याच काही काळ्या पत्रकारांनी काय केलं, भाड्यानं रंगीत झगे आणले, आम्ही परदेशी पाहुणे असं सोंग केलं आणि त्या रस्त्यावर निघाले. काही ठिकाणी मिळाली ना त्यांना टेबलं!

"म्हणजे बघा," बाई म्हणायच्या, "पाहुण्याला पानावर बसवलं, आणि घरच्यानं जेवायला पाहुण्याचं सोंग घ्यायचं."

यावर पाकिस्तानच्या झारानं विचारलं होतं, की मिस, पण त्यामुळे पुढे कायदा बदलायला मदत झाली का? बाई म्हणाल्या, "झाली. थोडी लाजेनं झाली, आणि पुष्कळशी जे खुर्च्यांवर बसून राहिले त्यांच्यामुळे. अंगणातली लाज घरात उपयोगी पडते कधीकधी. पण तिच्यावर विसंबू नका." हे सगळं मला इरानं सांगितलं, हातवाऱ्यांसकट.

एका शुक्रवारी दुपारी मी इराला आणायला बाईंच्या फ्लॅटवर गेले. परीक्षा जवळ आली होती, बाई घरी बोलावून शिकवत, पैसे विचारले की म्हणायच्या, "शिल्पा, उगाच नको ते बोलू नकोस, बस. चहा घे." हॉलमध्ये इरा आणि झारा निबंध लिहीत होत्या, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तिथे रमणम्मा होती, बाईंकडे साफसफाईला येणारी आंध्रची बाई. तिचं काम आटपलं होतं. वर्तक मिसनी चहा गाळला. मला चिनी मातीच्या कपात, स्वतःला तसल्याच कपात. आणि मग खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला एक स्टीलचा मोठा पेला घेतला, त्यात रमणम्माचा चहा ओतला. ती तो घेऊन बाल्कनीत गेली, पिऊन झाल्यावर तिनं तो वेगळा विसळला आणि पुन्हा खिडकीत उपडा घातला.

मला आकाश ठेंगणं झालं. काय सांगू! इतकी वर्षं त्या काउंटरवरच्या कॉफीचं पुराण लावणाऱ्या बाईंच्या घरात कामवालीचा पेला वेगळा. आमच्याकडे असलं काही नाही. आमच्याकडे कामाला बाईच नाही.

गाडी सुरू केली आणि मुसफ्फाच्या पुलापर्यंतही मला धीर धरवला नाही. म्हटलं, "इरा, तुझ्या मिसच्या फळ्याच्या उजव्या बाजूला काय आहे, माहितेय?" आणि सगळं सांगितलं. पेला, खिडकी, बाल्कनी. जरा रंगवूनच सांगितलं. मला वाटलं भांडेल, रडेल, निदान मिसवर चिडेल. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, समोर काचेतून बघत राहिली, आणि घर येईपर्यंत अक्षर बोलली नाही. बाजूनं कामगारांच्या बसगाड्या चालल्या होत्या. ती तालीमच करतेय, हे माझ्या पार्किंगमध्ये लक्षात आलं. माझ्यावर.

सोमवारी तिनं काय केलं असेल? सरळ मिसकडे जाऊन विचारलं. आणि मिसनी काय केलं असेल? माझ्या तासाला मी वर्गात शिरले तर फळ्यावर रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना बाईंचं स्वतःचंच. अंगण: मी समानता शिकवते. घर: रमणम्माचा पेला वेगळा आहे. त्याच मोठ्या, स्वच्छ अक्षरात. मुलं एरवीसारखी गोंधळ करत नव्हती. मी पुसायला गेले तर करीम म्हणाला, "मिस, कॅन वुई लीव्ह इट टुडे?" मी समीकरणं फळ्याच्या कोपऱ्यात शिकवली.

इरानं नंतर सांगितलं, की बाई मुलांना म्हणाल्या, "तो पेला माझ्या आईच्या घरात होता. मग माझ्या घरात आला. कुणी आणला म्हणाल तर कुणीच नाही. तो असतोच. म्हणून तर दिसत नाही. इरानं दाखवला, तेव्हा दिसला." इरानं! दाखवला होता मी. त्याचं श्रेयही मला मिळालं नाही.

पुढचा भाग तर बाईंनी स्टाफरूममध्ये स्वतःच सांगितला. घरी जाऊन त्यांनी रमणम्माला चांगल्या कपात चहा दिला आणि खुर्ची ओढून बस म्हणाल्या. रमणम्मानं कपाकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, मेरा वाला किधर है? उसमें जास्ती आता है." बाई हसून हसून खोकायला लागल्या. "म्हणजे बघ शिल्पा, तिचा चहासुद्धा मी कमी केला." मग त्यांनी तसलेच आणखी मोठे पेले आणले आणि त्या दोघी त्यातच चहा पिऊ लागल्या, एका टेबलावर. मी बाकी सगळ्यांबरोबर हसले. इरा त्यानंतर बाईंना आधीपेक्षा जास्त मानायला लागली. मी तिला मूर्ती फोडून दाखवायला गेले होते, आणि त्यातून माणूस निघाला. आता माणसाशी कोण लढणार?

त्या वर्षीच बाईंचं वय झालं म्हणून शाळेनं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, सोफा कुणाला, झाडं कुणाला असं वाटून माणूस निघतो. मला त्यांनी तुळस दिली. मला वाटलं, चला, जातायत. आणि त्याच आठवड्यात इरानं कॉलेजचा अर्ज भरला. हिस्टरी.

बाईंच्या शेवटच्या तासाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दारापाशी पोचले. मुलं माझ्या तासाआधी तोंड धुऊन यायला मागच्या दारानं बाहेर पडत होती, डोळे पुसत, एकमेकांना ढकलत. आज फळा मुलांना दिला होता म्हणे, ज्यानं त्यानं स्वतःच्या घराबद्दल एकेक ओळ दोन्ही बाजूंना लिहायची. मी काचेतून आत पाहिलं. सगळीकडे इंग्रजी, एका कोपऱ्यात थोडं अरबी. आणि मध्ये, खांद्याच्या उंचीवर, निळ्या मार्करनं मराठी. वाकडंतिकडं, पहिलीतल्या मुलासारखं. त्या वर्गात मराठी लिहिणारी एकच मुलगी होती.

डावीकडे लिहिलं होतं, 'आई सगळ्याना सांगते वर्तक मिस ग्रेट आहे.' उजवीकडे, 'घरी आई मिसवर जळते. तिला वाटते मी मिसची झाली. मी नाही झाली.'

मी दार ढकललं. आवाजासरशी बाई वळल्या, मला बघितलं, आणि चटकन दोन पावलं मागे सरून त्या ओळींवर पाठ टेकवून उभ्या राहिल्या.

"जरा टेकले गं," त्या म्हणाल्या. "कंबर धरलीये सकाळपासून."

"टेका ना मॅडम," मी म्हटलं. "घाई नाही."

त्या तशाच टेकून राहिल्या. त्यांनी विचारलं, तुळशीला पाणी घालतेस ना, फार घालू नकोस. मी हो म्हटलं. मग त्यांनी पाठ फळ्यावर चांगली घासली, दोन-तीनदा, खरंच कंबर दुखत असल्यासारखी, आणि टेबलावरची पिशवी उचलून निघाल्या. फळ्यावर निळा फराटा तेवढा उरला होता.

मी दारात येऊन बघत राहिले. लांबलचक कॉरिडॉर, टोकाला काचेतून पांढरं ऊन. बाई कॅनव्हासच्या बुटांत आवाज न करता चालल्या होत्या. मोतिया रंगाची साडी होती, आणि पाठीवर, पदरावर, निळी अक्षरं उलटी उमटलेली. काही पुसट झाली होती, पण 'आई' नीट दिसत होतं. हाक मारावी असं मनात आलं. मारली नाही. त्या तासानंतर त्याच वर्गात माझा तास असतो, हे इराला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या मुलीनं आपणहून लिहिलेलं पहिलं मराठी माझ्यासाठी होतं, आणि तेही त्या बाईच घेऊन गेल्या.